डोळे उघडल्यानंतर

मेंदूला जबर मार बसलेल्या माणसाचे नातेवाईक अतिदक्षता विभागाच्या दाराशी सगळ्यांत आधी विचारतात, "शुद्धीवर कधी येणार?" प्रश्न रास्त आहे, पण त्याच्या पोटात एक समजूत असते आणि पुढचे कितीतरी महिने तीच छळते. डोळे उघडले की माणूस परत मिळाला, असे घरचे धरून चालतात. पुनर्वसनाच्या वॉर्डात काम करणाऱ्या आम्हा लोकांना रोज दिसते ते वेगळे असते. डोळे उघडणे हा एक टप्पा, नजर एखाद्या वस्तूमागे फिरणे हा दुसरा, सांगितलेले करून दाखवणे हा तिसरा. कालचे आज आठवणे त्याच्याही पुढचे, आणि कुणी न सांगता उठून दात घासायला जाणे तर फारच पुढचे. प्रत्येक टप्प्याची कामे निराळी असतात. पुढची मागणी आधीच केली तर रुग्ण बिथरतो, आणि पुढे गेलेल्याला मागच्यासारखेच जपत राहिले तर तो तिथेच थांबतो.

मार बसतो त्या क्षणी जे तुटायचे ते तुटते आणि ते कुणाच्या हाती नसते. त्यानंतरच्या तासांत आणि दिवसांत होणारे नुकसान मात्र बरेचसे टाळता येते. अतिदक्षता विभागातली सगळी धडपड त्याचसाठी चाललेली असते. कवटी ताणली जात नाही. तिच्या आत सुमारे ८० टक्के जागा मेंदूची, उरलेली साधारण निम्मी-निम्मी रक्ताची आणि मेंदूभोवतीच्या पाण्याची. सूज आली किंवा गुठळी झाली की आधी पाणी आणि रक्त बाहेर ढकलले जाते. ती सोय संपली की दाब झपाट्याने चढतो, रक्तपुरवठा घटतो आणि त्यामुळे आणखी सूज येते. हा दाब एरवी पाऱ्याच्या ५ ते १५ मिलिमीटरच्या दरम्यान असतो. तो २२ च्या वर राहू लागला की उतरवावा लागतो. पलंगाची डोक्याकडची बाजू ३० अंश वर आणि मान नाकासमोर सरळ, हा सर्वांत साधा उपाय. मान एका बाजूला कलली की गळ्याच्या शिरा दबतात आणि डोक्यातले रक्त खाली उतरत नाही. नर्स दर थोड्या वेळाने मान सरळ करून जाते ती यासाठी. सूज उतरवणारे मॅनिटॉल, तीव्र मिठाचे सलाइन, गुंगीची औषधे, पाणी काढणारी नळी आणि शेवटी कवटीचा तुकडा काढून ठेवणारी शस्त्रक्रिया हे त्यापुढचे उपाय.

अपघाताच्या जागी असलेल्यांना एवढे पक्के माहीत हवे की अशा मेंदूचे दोन मोठे वैरी आहेत: ऑक्सिजन कमी पडणे आणि रक्तदाब पडणे. ऑक्सिजन ९० टक्क्यांखाली किंवा वरचा रक्तदाब ९० खाली थोडा वेळ जरी गेला तरी पुढचे निकाल बिघडतात. म्हणून श्वासाचा मार्ग मोकळा ठेवणे, वाहणारे रक्त दाबून थांबवणे, डोके-मान-पाठ एका रेषेत ठेवून हलवणे आणि बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाण्याचा थेंबही न घालणे ही कामे पहिली. सूज उतरवायला स्टिरॉइड का देत नाहीत, असे नातेवाईक अनेकदा विचारतात. पूर्वी देत असत. दहा हजारांवर रुग्णांच्या एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष २००४ साली आले आणि स्टिरॉइड दिलेल्या गटात मृत्यू जास्त निघाले. तेव्हापासून डोक्याच्या मारासाठी ते देणे थांबले.

डॉक्टर एक आकडा सांगतात तो ग्लासगो कोमा स्केल या शुद्ध मोजण्याच्या पट्टीचा. ग्लासगोच्या टिसडेल आणि जेनेट या शल्यविशारदांनी १९७४ मध्ये तो मांडला. डोळ्यांचे ४ गुण, बोलण्याचे ५, हालचालीचे ६. एकूण कमीत कमी ३, जास्तीत जास्त १५. मार बसल्यावरच्या तपासणीत १३ ते १५ म्हणजे सौम्य, ९ ते १२ मध्यम, ८ किंवा खाली म्हणजे गंभीर. बेरीज ऐकून थांबू नका, तिन्ही आकडे वेगळे विचारा. तोंडात श्वासाची नळी असलेला माणूस बोलू शकत नाही, त्यामुळे त्याची बेरीज फसवी असते. हालचालीचा आकडा जास्त बोलका असतो. टोचल्यावर हात नेमका टोचलेल्या जागी नेणारा आणि नुसता ताठ होणारा, यांच्यात मोठे अंतर आहे.

सीटी स्कॅनबद्दलही एक गैरसमज वारंवार भेटतो: तो चांगला आला म्हणजे मेंदूला इजा नाही. कवटी आणि मेंदूचे बाहेरचे आवरण यांच्यामध्ये झालेली गुठळी भिंगाच्या आकाराची दिसते. बहुधा धमनी फाटलेली असते आणि माणूस आधी व्यवस्थित बोलून मग काही तासांत कोसळू शकतो. आवरणाच्या आतली गुठळी चंद्रकोरीसारखी दिसते. वयस्कर माणसांत आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांत ती हळूहळू साठते आणि किरकोळ धडक विसरली गेल्यावर कित्येक आठवड्यांनी चाल बिघडते, विसरभोळेपणा येतो. हे दोन्ही प्रकार चित्रात दिसतात. पण डोके जोरात गरगरा फिरल्याने मेंदूतले तंतू जागोजागी ताणले-तुटलेले असतात तेव्हा पहिला सीटी जवळजवळ नॉर्मल येऊ शकतो. "रिपोर्ट चांगला आहे, मग उठत का नाही?" याचे उत्तर बहुतेक वेळा हेच असते. एमआरआयमध्ये रक्ताचे बारीक ठिपके दिसतात तेव्हा कुठे उलगडा होतो.

गुंगीची औषधे उतरवली, डोळे उघडले. इथून आमचे काम सुरू होते. उघडे डोळे म्हणजे भान नव्हे. झोप-जागेचे चक्र परत आले, इतकेच त्यातून कळते. भान आहे का, हे एका भेटीत ठरवू नये. नुसत्या पाहण्यावरून "काहीच कळत नाही" असा शेरा मिळालेल्या रुग्णांना पद्धतशीर मोजपट्टीने तपासले तेव्हा दर दहांतल्या चारांमध्ये भानाच्या खुणा सापडल्या, असे २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसले. तपासणी कशी करायची याला फार महत्त्व आहे. नजर फिरते का हे पाहायला बोट किंवा टॉर्च नको, हातातला आरसा घ्या. स्वतःच्या चेहऱ्यामागे नजर लवकर जाते. हुकूम द्यायचा तर "माझा हात दाब" म्हणू नका, कारण तळव्याला स्पर्श झाला की मूठ आपोआप मिटते आणि घरच्यांना खोटी आशा लागते. "अंगठा वर करा", "जीभ बाहेर काढा" असे, आपोआप न घडणारे काहीतरी सांगा. एका वेळी एकच सांगा आणि निदान दहा सेकंद गप्प राहा. बहुतेक जण तीन सेकंदांत तेच पुन्हा म्हणतात आणि रुग्णाची जुळणारी साखळी तोडतात. रुग्णाला बसते करून, सकाळी, आंघोळ आणि व्यायामाने थकण्याआधी तपासले तर जास्त दिसते.

या काळासाठी अमँटाडीन हे जुने औषध उपयोगी ठरले आहे. मार बसून ४ ते १६ आठवडे झालेल्या १८४ रुग्णांवरची चाचणी २०१२ मध्ये प्रसिद्ध झाली, आणि चार आठवडे औषध चालू असताना सुधारणेचा वेग वाढलेला दिसला. फिटचा धोका वाढू शकतो, त्यामुळे ते स्वतःच्या मनाने सुरू करण्याचे औषध नाही.

अचानक घाम फुटतो, नाडी १३०-१४० वर जाते, ताप चढतो, हातपाय ताठ होतात आणि अर्ध्या तासात सगळे शांत होते. हे पाहून घरचे घाबरतात. जंतुसंसर्ग आधी वगळावाच लागतो, पण अनेकदा ही शरीराच्या स्वयंचलित यंत्रणेची वादळे असतात. औषधे आहेत, मात्र आधी ठिणगी शोधायची: तुंबलेले मूत्राशय, बद्धकोष्ठ, अंगाखाली आलेली नळी, नजरेतून सुटलेले एखादे मोडलेले हाड. बोलू न शकणाऱ्या शरीराला दुखणे सांगायचा एवढाच मार्ग उरलेला असतो.

दर दोन तासांनी कूस बदलणे, टाचा गादीपासून उचललेल्या ठेवणे, घोटा ९० अंशांत राहील अशी पट्टी, बोटांची आणि कोपरांची रोजची हालचाल ही कामे कंटाळवाणी वाटतात. सहा महिन्यांनी माणूस उभा राहण्याइतका सावध होतो आणि घोटा वाकत नाही म्हणून उभा राहू शकत नाही, तेव्हा त्यांची किंमत कळते. एक सावधगिरी मात्र हवी. नितंबाचा किंवा कोपराचा सांधा अचानक गरम, सुजलेला आणि अडणारा झाला तर जोर लावून ताणू नका. स्नायूंमध्ये नवे हाड तयार होत असू शकते. पायात रक्ताची गुठळी झाली तरी सूज अशीच दिसते. डॉक्टरांना त्याच दिवशी दाखवा.

नाकातली अन्नाची नळी निघावी याची घाई सगळ्यांनाच असते. ठसका लागत नाही म्हणजे गिळणे नीट आहे, असे समजू नये. घशाची जाणीव बोथट झालेल्या माणसाचा घास आवाज न करता श्वासनलिकेत उतरतो आणि चार दिवसांनी न्यूमोनिया होतो. पाण्यानंतर आवाज ओलसर, गुळगुळ येणे ही खूण लक्षात ठेवा. स्पीच थेरपिस्टने तपासल्याशिवाय, गरज असेल तर गिळण्याचा चलत्-एक्स-रे काढल्याशिवाय, चमचाही देऊ नये. पातळ पाणी सर्वांत अवघड असते आणि दाट केलेले द्रव सोपे, हे अनेकांना उलटे वाटते. भरवताना पूर्ण ताठ बसवणे, टीव्ही बंद, घास छोटा, आधीचा गिळल्याची खात्री झाल्यावरच पुढचा, आणि नंतर अर्धा तास आडवे न करणे.

आता येतो तो टप्पा घरच्यांना सर्वांत जास्त हादरवतो. रुग्ण बोलू लागतो आणि शिव्या देतो. नळ्या उपसतो, पलंगावरून उतरतो, मुलाला भाऊ समजतो, रात्रभर जागतो. "स्वभावच बदलला" म्हणून आई कोपऱ्यात रडते. खरे तर ही पुढे सरकल्याची खूण आहे. मेंदू जागा झाला आहे, पण नव्या आठवणी साठवणे अजून सुरू झालेले नाही. आपण कुठे आहोत, ही माणसे आपल्याला का धरून ठेवतात, हे त्याला दर पाच मिनिटांनी नव्याने कळत नाही. घाबरलेला माणूस जे करील तेच तो करतो.

इथे आमचा आग्रह असा: परीक्षा घेऊ नका. "मला ओळखलंस का? सांग मी कोण?" हा प्रेमाचा प्रश्न त्याच्यासाठी दिवसातून वीस वेळा नापास होणे असते. शिवाय आठवण साठत नसतानाही सवय साठते. चुकीचे उत्तर दोनदा तोंडातून गेले की तेच पक्के होते. म्हणून आपणच सांगावे: "मी तुमची बहीण. आज मंगळवार. आपण दवाखान्यात आहोत, तुम्हाला अपघात झाला होता, आता तुम्ही सुरक्षित आहात." तेच शब्द, त्याच क्रमाने. खोलीत एका वेळी एक-दोन माणसे, बोलणारा एकच, उजेड दिवसा भरपूर आणि रात्री जवळपास नाही. भिंतीवर मोठ्या अक्षरांत तारीख आणि ठिकाण. हात बांधले तर झटापट वाढते. त्यापेक्षा जमिनीलगतचा पलंग, नळ्यांवर कपड्याचे आवरण आणि शेजारी माणूस बरा. त्याला फिरायचे असेल तर सोबत फिरा. शांत करायला हॅलोपेरिडॉल किंवा झोपेच्या जातीची औषधे वारंवार देणे आम्ही टाळतो, कारण त्याने गोंधळ लांबू शकतो. आधी दुखणे, लघवी, झोप, ताप आणि रक्तातले सोडियम पाहावे.

हा गोंधळाचा काळ रोज मोजायचा असतो. ठरावीक १२ प्रश्न आणि चित्रे वापरून रोज गुण द्यायचे, आणि सलग तीन दिवस १२ पैकी १२ मिळाले की काळ संपला असे मानायचे, ही वेस्टमीड पद्धत बरीच वापरली जाते. हा काळ किती लांबला यावरून पुढचा अंदाज बेशुद्धीच्या दिवसांपेक्षाही चांगला येतो. एक दिवसाच्या आत संपला तर इजा सौम्य, आठवड्यावर गेला तर गंभीर, चार आठवड्यांवर गेला तर फार गंभीर. तोवर लांबलचक वाचन, हिशेब, स्मरणशक्तीचे खेळ यांचा उपयोग नाही. तो संपताच मात्र उपचारांचा वेग वाढवायचा, कारण शिकलेले आता टिकू लागते. सुधारणा पहिल्या सहा महिन्यांत सर्वांत जोरात होते. पुढे मंदावते, पण दोन वर्षांनी दार बंद होते असेही नाही.

ज्यांची कवटी उघडी ठेवली आहे त्यांनी त्या बाजूवर झोपू नये आणि पलंगाबाहेर पाऊल टाकताना संरक्षक टोपी घालावी. ती जागा खोल जाऊन बसल्या-उभ्याने डोकेदुखी, चक्कर किंवा मंदपणा वाढू लागला तर हाड परत बसवण्याची तारीख अलीकडे आणता येईल का, हे शल्यविशारदांना विचारा. हाड बसवल्यावर काही जणांमध्ये झपाट्याने फरक पडतो.

घरी आल्यावर पाहुणे म्हणतात, "अगदी पूर्वीसारखा दिसतो." हे वाक्य घरच्यांना एकटे पाडते. चालणे-बोलणे परतलेले असते आणि न दिसणाऱ्या गोष्टी राहिलेल्या असतात. सकाळी उठून तो तासभर पलंगावर बसून राहतो. विचारले तर "आंघोळ करायची आहे" म्हणतो, पण उठत नाही. मेंदूच्या पुढच्या भागात काम सुरू करण्याची जी यंत्रणा असते तिला इजा झाली की असे होते. याला आळस म्हणणे अन्यायाचे आहे, आणि ओरडल्याने काम सुरू होत नाही. बाहेरून सुरुवात द्यावी लागते. मोबाइलचा गजर, गजराबरोबर एकच कृती लिहिलेली, आणि न्हाणीघराच्या दारावर पायऱ्यांचा कागद: टॉवेल घ्या, कपडे घ्या, पाणी सोडा. आठवणीसाठी वही एकच, तिची जागा एकच, आणि ती पाहण्याच्या वेळा ठरलेल्या: सकाळी, दुपारी, झोपताना. वही देऊन उपयोग नसतो. ती उघडण्याची सवय व्हायला कित्येक आठवडे रोज सोबत बसावे लागते. वह्या कपाटात पडून राहतात त्या याच कारणाने.

सर्वांत अवघड म्हणजे आपल्यात काही कमी आहे हे त्यालाच न कळणे. तो हट्ट करत नसतो, ते जाणवणारा भागच दुखावलेला असतो. वाद घालून ते पटत नाही. काम करण्याआधी त्यालाच अंदाज करायला सांगा: यादीतल्या दहापैकी किती वस्तू आणाल? मग काम होऊ द्या आणि दोन्ही आकडे शेजारी शेजारी लिहा. टीका नको, आकडे पुरेत. काही आठवड्यांत अंदाज आणि निकाल जवळ येऊ लागतात.

थकव्याबद्दल घरच्यांना परत परत सांगावे लागते. पूर्वी आपोआप होणाऱ्या गोष्टींसाठी आता मेंदूला जोर लावावा लागतो, त्यामुळे तासाभराच्या गप्पांनीही माणूस गळून जातो, आणि राग बहुतेक त्यानंतर येतो. विश्रांती थकण्याआधी हवी: पंचवीस-तीस मिनिटे काम, दहा-पंधरा मिनिटे शांतता. रागाचा भडका उडालाच तर समजावू नका. आवाज उतरवा, खोली सोडा, अर्ध्या तासाने विषय बदलून परत या. वास गेला आहे का, हेही तपासा. नाकाच्या छतातले बारीक तंतू धक्क्याने तुटतात आणि रुग्ण आपणहून सांगत नाही. अशा घरात गॅसगळतीचा आणि धुराचा इशारा देणारी यंत्रे बसवा आणि उरलेल्या अन्नावर तारीख लिहा.

पुन्हा डोक्याला मार बसू न देणे हा उपचाराचाच भाग आहे. तोल आणि निर्णय कच्चे असताना दारू, शिडी आणि दुचाकी या तिन्हींपासून लांब राहावे. घरातल्या सगळ्यांनाच हे लागू आहे: मोटारसायकलवर हेल्मेट घातल्याने डोक्याच्या इजेचा धोका सुमारे ६९ टक्क्यांनी आणि मृत्यूचा ४२ टक्क्यांनी घटतो, असे अनेक अभ्यास एकत्र तपासून दिसले आहे. पण पट्टा न लावलेले हेल्मेट पहिल्याच धक्क्याला उडून जाते. पट्ट्याखाली फार तर दोन बोटे जावीत. आतला फोम एकदा चेपला की पुन्हा धक्का शोषत नाही. अपघात झालेले हेल्मेट बाहेरून चांगले दिसले तरी बदला. वयस्करांसाठी न्हाणीघरात धरायच्या दांड्या, रात्री वाटेवर दिवा, आणि झोपेच्या व रक्तदाबाच्या गोळ्यांची डॉक्टरांकडून फेरतपासणी.

खेळताना बसलेला सौम्य मार असेल तर त्याच दिवशी परत मैदानात उतरू नये, लक्षणे दहा मिनिटांत गेली तरीही. एक-दोन दिवस सापेक्ष विश्रांती आणि मोबाइल कमी, मग हळूहळू चालणे. आठवडाभर अंधाऱ्या खोलीत पडून राहण्याने बरे होणे लांबते. वाढती डोकेदुखी, पुन्हा पुन्हा उलट्या, झटका, न उठण्याइतकी झोप, एका डोळ्याची बाहुली मोठी, नाका-कानातून पाण्यासारखा स्राव: यांपैकी काहीही दिसले तर रुग्णालयच.

फिट टाळण्याचे औषध बहुधा पहिले सात दिवस दिले जाते. ते सुरुवातीचे झटके रोखते, पण काही महिन्यांनी किंवा वर्षांनी सुरू होणारी अपस्मार-प्रवृत्ती त्याने टळत नाही. झटका पाच मिनिटांपेक्षा लांबला तर ताबडतोब रुग्णालय गाठावे. वाहन चालवणे डॉक्टरांच्या लेखी परवानगीशिवाय आणि प्रत्यक्ष रस्त्यावरच्या चाचणीशिवाय नको. नोकरीवर परतताना पूर्ण दिवस मागू नये. आठवड्यात तीन अर्धे दिवस, गोंगाटापासून लांबची जागा, सूचना लेखी, आणि दर दोन-तीन आठवड्यांनी थोडी वाढ. पहिल्याच महिन्यात पूर्ण वेळ रुजू झालेले अनेक जण नोकरी गमावतात, कौशल्य शाबूत असूनही. त्यांचा दुपारनंतरचा थकवा कुणी मोजलेलाच नसतो.

आणि वर्षभर चांगला चाललेला माणूस मागे येऊ लागला, म्हणजे चाल फाकली, लघवी सुटू लागली, झोप वाढली, उत्साह गेला, तर "मार बसला होता, चालायचेच" म्हणून सोडू नका. मेंदूतले पाणी साठणे, आवरणाखाली सावकाश जमलेली गुठळी, मेंदूच्या तळाशी असलेल्या पियुषिका (पिट्युटरी) ग्रंथीची संप्रेरके कमी पडणे, न दिसणाऱ्या बारीक फिट, नैराश्य: प्रत्येकाची तपासणी वेगळी आहे आणि प्रत्येकावर उपचार आहेत. सीटी, सकाळचे कॉर्टिसॉल, थायरॉइड, गरज पडल्यास ईईजी (मेंदूच्या विद्युतलहरींचा आलेख), आणि मनोविकारतज्ज्ञांची भेट, एवढे त्याच आठवड्यात मागून घ्या.